सुनेची वाटी

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात, एका गुरुवारी सकाळी, वलगावात खुशालरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर माणसं, बैलगाडीवर माणसं, शेजारच्या छपरावर बाया. पाणी खुनी पकडणार होतं आणि ते बघायला गाव कामधंदा सोडून आलं होतं.

"पानी देवता हाय बाप्पा," सत्यगीर महाराज सांगत होते. "माणूस खोटं बोलते, पानी नाई बोलत. अंगारा तर निस्ती राख हाय. ओळख पटवते ते पानी."

महाराज धिप्पाड होते, दाढी तेल लावून विंचरलेली. आवाज इतका मधाळ की ऐकणाऱ्याची अक्कल तिथेच चिकटून बसावी.

मी तमाशाला गेले नव्हते. खुशालरावांची सून रुख्मिणी माझी शाळेतली मैत्रीण. तिचा तान्हा मुलगा जुलाबाने गेला म्हणून भेटायला गेले होते. वर्षापूर्वी थोरलाही असाच गेला होता. आता उरली एक मुलगी, चार वर्षांची भागीरथा. घरातल्याच कोणीतरी लेकरं खाल्ली, असं महाराजांनी सांगितलं होतं. दुःखाने माणूस आंधळा होतो हे समजतं, पण आंधळ्याचा हात धरून त्याला विहिरीकडे नेणारा दिसला की माझं डोकं फिरतं.

मी ललिता. अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. माझे वडील देवमन याच गावचे, छप्पन साली बौद्ध झाले. त्यामुळे मी अंगणाच्या कडेला, कडुनिंबाखाली उभी होते. पुढे ये म्हणावं असं कोणाला वाटलं नाही आणि मलाही त्याचं नवल वाटलं नाही.

पांढरं इनॅमलचं, उभ्या काठाचं एक भगुणं मध्ये ठेवलं होतं. महाराजांनी कमंडलूतून तळाशी चार बोटं पाणी ओतलं. एकेकाने त्यांच्याकडून चिमूटभर अंगारा घ्यायचा, तळव्यावर चोळायचा आणि हात पाण्यात बुडवायचा. खुशालरावांनी बुडवला, पाणी तसंच. रुख्मिणीच्या नवऱ्याने बुडवला, पाणी तसंच. सासू लीलाबाईने बुडवला, पाणी तसंच. मग आतून रुख्मिणी आली, हनुवटीपर्यंत पदर ओढलेली. त्या घरात सून परक्या पुरुषाच्या हातून काही घेत नाही. म्हणून तिचा अंगारा वेगळ्या वाटीत घालून माजघरात पाठवला होता, तो चोळूनच ती बाहेर आली होती.

तिने हात बुडवला आणि पाणी लालभडक झालं. बोटांतून रक्त सुटावं तसं.

भिंतीवरची माणसं वाकून बघू लागली. महाराजांनी मान हलवली, गंगाजल म्हणून दुसऱ्या तांब्यातलं पाणी भगुण्यात काठोकाठ ओतलं, आणि तो लाल रंग उतरत उतरत फिका गुलाबी झाला.

"गंगेनं पाप झाकून घेतलं," महाराज म्हणाले. "पुढच्या गुरुवारी दुसरी साक्ष. तवाबी लाल झालं, तर हिले घरात ठेवू नका. पोरगी इथंच राहू द्या."

रुख्मिणीला कापसाच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली.

मी मागच्या खिडकीशी गेले. आत अंधार, सरकीचा वास, आणि गजांना धरून उभी असलेली ती.

"रुख्मे, हे सगळं थोतांड हाय."

"थोतांड कसं व? मी माया डोयानं पायलं," ती म्हणाली. "मलेच मालूम नाई मी कवा काय केलं. पण पानी कावून खोटं बोलीन?"

खोलीला एकच कडी होती. पण रुख्मिणीला आतून दुसरी लागली होती, आणि ती कशी काढायची ते मला कळेना. मी माझा रुमाल ओला करून तिचे हात पुसले, तेवढंच मला सुचलं. रुमालावर अंगाऱ्याची राखाडी रेघ उठली. तिकडे भागीरथा दारापाशी टाचा उंचावून कडी हलवत होती आणि आजी तिला ओढून नेत होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मुलांचं प्रात्यक्षिक होतं, समतोल स्थिरांक काढण्याचं. लोहाचा क्षार आणि थायोसायनेट, दोन्ही द्रावणं एकत्र केली की रक्तासारखा रंग येतो. नळ्या पांढऱ्या कागदावर उभ्या धरायच्या, वरून डोकावायचं, रंग जुळवायचा आणि हिशेब मांडायचा. वर्षानुवर्षं हेच शिकवत आले होते. एका मुलाने चुकून नळीत जास्त पाणी घातलं आणि मला विचारलं, "मॅडम, रंग कुठं गेला?"

मी त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला महाराजांचं भगुणं आठवलं.

कुंकू पाण्यात कालवा आणि उभ्या भांड्यात वरून बघा. पाणी कितीही वाढवा, कुंकू तितकंच राहतं, वरून रंगही जवळजवळ तितकाच दिसतो. रक्ताचंही तसंच. पण या दोन क्षारांची सोयरीक कच्ची असते. काही जोड्या जुळतात, त्याच वेळी काही सुटतात. जुळलेल्या आणि सुट्या यांचा हिशेब एका ठरावीक आकड्याला धरून चालतो, तोच समतोल स्थिरांक. पाणी ओतलं की सुटणारे वाढतात. विरळ द्रावणात पाणी चौपट केलं, तर वरून दिसणारा रंग चौथाईच्या आसपास येतो. महाराजांच्या भगुण्यात नेमकं तेच झालं होतं. पाप नव्हतं ते, माझ्या प्रयोगशाळेतली नळी होती.

रुमालावरच्या रेघेवर थायोसायनेटचा थेंब टाकला. लाल झाला.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू जाऊन हात बुडवशीन, पानी लाल होईन, अन् ते म्हणतीन, तुया हातानं बाटलं. मंग काय करशीन?"

ते खरंच होतं. माझा हात तिथे पुरावा ठरणार नव्हता, गुन्हाच ठरणार होता. उत्तर माझ्या मुठीत होतं आणि मूठ उघडायची सोय नव्हती. गुरुवारपर्यंत मला धड झोप नाही.

गुरुवारी गर्दी दुप्पट. या वेळीही महाराजांनी भरून दिलेली सुनेची वाटी माजघराच्या उंबऱ्यावर ठेवली होती. महाराज पाण्याचं देवपण सांगत होते. मी निंबाखालूनच विचारलं.

"महाराज, अंगारा निस्ती राख हाय, ओळख पानीच पटवते, असं तुमीच सांगतलं ना?"

"हो बेटी."

"मंग सासूबाईंनी सुनेच्या वाटीतला अंगारा घेतला तर चालते ना?"

महाराजांचा आवाज पहिल्यांदा अडखळला. "सुनेचा अंगारा मंतरलेला असते. अलग असते."

"अलग काहून? राखच ना?"

खुशालराव माझ्याकडे बघणं सोडून महाराजांकडे बघू लागले. पण पुढे आली ती लीलाबाई. दोन नातू गेलेली ती म्हातारी कोणाला भिणारी नव्हती. "माया हात साफ हाय," म्हणत तिने वाटीतली पूड तळव्यावर चोळली आणि हात पाण्यात घातला.

पाणी लाल.

मला वाटलं होतं, आता लोकांना उमजेल. पण मागून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे सासूच हाय." आणि लोक सरकू लागले, लीलाबाईपासून लांब. ती ओल्या हाताकडे बघत उभी राहिली. मी एका बाईला सोडवायला गेले आणि फास दुसरीच्या गळ्यात घातला होता.

"खुशालकाका," मी म्हणाले, आणि या वेळी निंब सोडून पुढे गेले, "वाटी हाय, कमंडलू हाय. आता महाराजांचा हात पाहा."

खुशालराव क्षणभर बायकोकडे बघत राहिले. मग त्यांनी वाटी उचलली, महाराजांचं मनगट धरलं आणि उरलेली पूड त्यांच्या तळव्यावर घासली. नांगराची मूठ धरणाऱ्या हातातून मनगट सोडवून घेणं महाराजांना जमलं नाही. वरून कमंडलूतलं पाणी ओतलं. महाराजांच्या बोटांतून लाल धार भगुण्यात पडली.

"सांगा आता," खुशालराव म्हणाले. "तुमी कोणाचं लेकरू खाल्लं?"

मग मी सगळं सांगितलं. कमंडलूतलं पाणी पाणी नव्हतं, त्यात थायोसायनेट विरघळवलेलं होतं. सुनेच्या वाटीत राखही नव्हती. राखेचा खार लोहाचा क्षार मारून टाकतो, म्हणून या महाराजाने भाजून काळपट केलेल्या पिठात क्षार मिसळला होता. बाकीच्यांचा अंगारा साधा. सुनेचं वेगळं ठेवायची रीत आपली होती, त्याने फक्त तिचा फायदा घेतला. गावातली चार पोक्त माणसं महाराजांना धरून चौकीवर घेऊन गेली.

कडी निघाली. रुख्मिणी उन्हात आली, डोळे बारीक करून. भागीरथा जाऊन तिच्या पायांना बिलगली, पण रुख्मिणीने तिला उचललं नाही. ती मला विचारत होती.

"मंग मी नाई मारलं?"

"नाई व. जुलाबानं गेलं लेकरू. अमरावती इतकी जवळ हाय, तिथं न्यायला पायजे होतं."

तेव्हा तिने मुलीला उचललं आणि रडली. लीलाबाई तिच्याजवळ जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मलेबी वाटलं व सूनबाई. हात लाल झाला अन् मले वाटलं, मीच खाल्ले दोघं."

मी त्या म्हातारीला विसरू शकत नाही. एवढी खमकी बाई, पण लाल पाणी दिसताच तिने स्वतःला दोषी मानलं. आपल्या डोळ्यांना दिसलं ते खरं असतं, पण त्याचा अर्थ दुसऱ्याने सांगितला म्हणून तो खरा होत नाही. तेव्हा चमत्कार बघायला जरूर जा, आणि तिथे तोंड उघडून विचारा, हे असंच का झालं, दुसऱ्या कोणी केलं तर होईल का. आणि लेकराला जुलाब झाले, तर आधी गाडी जुंपा आणि दवाखान्याची वाट धरा.