चुलवाणाचं माप

गुऱ्हाळघर बांधायचं म्हटलं की पंचगंगेकाठच्या गावांना शिवाजी पेठेतला दस्तगीर गवंडी आठवायचा. तीन भिंती, चौथी बाजू उघडी, कौलांच्या आढ्याला वाफ जायला फट, शेजारी हंगामापुरतं बिऱ्हाड टाकायला एक खोली, एवढं कुणीही बांधलं असतं. रस उकळायच्या काहिलीखालचं, जाळासाठी खणलेलं चुलवाण मात्र दस्तगीरचंच लागायचं. त्यावर निम्म्या चिपाडात रस उकळतो, असं लोक सांगायचे. लोक वाढवून सांगायचे आणि दस्तगीर त्यांना अडवायचा नाही.

अठ्ठ्याहत्तर साली त्याचे गुडघे गेले. चुलवाणाच्या खड्ड्यात उतरणं होईना. विद्या घरात राहावी म्हणून त्याने जावयाला, इकबालला, शिरोलीच्या फौंड्रीतली नोकरी सोडायला लावली. लेक मलिका दोन दिवस बापाशी बोलली नाही. पहिलंच चुलवाण फसलं तर इकबालला पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं, आणि लेकीला तोंड दाखवायची दस्तगीरची सोय राहणार नव्हती.

पहिलं काम गणपतरावांच्या नव्या गुऱ्हाळाचं मिळालं. दस्तगीरने बाजेवर बसूनच मापं सांगितली. काठापासून तळ साडेतीन हात, जाळ घालायचं तोंड दीड हात, धुराड्याची वाट एक हात. इकबालने ती पाठ केली आणि एकट्याने चुलवाण उभं केलं.

पहिल्याच दिवशी नाचक्की झाली. सकाळी पेटवलेल्या काहिलीला दुपार टळली तरी नीट उकळी येईना. कसाबसा गूळ उतरवला तर तो काळा आणि चिकट, ढेपेत धरायला तयार नाही. तोडलेला ऊस आवारात वाळत पडलेला. गणपतरावांनी दस्तगीरला आणायला बैलगाडी धाडली.

दस्तगीरने जाळ पाहिला. ज्वाळा काहिलीच्या बुडाला न लागताच धुराड्याकडे वळत होत्या. त्याने जाळ काढायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलवाण निवल्यावर काहील उतरवली आणि इकबालला आत उतरून मापायला सांगितलं. इकबालने कोपरापासून बोटांपर्यंत हात लावत मोजलं. एक, दोन, तीन आणि अर्धा. माप चोख होतं.

दस्तगीर काठावरून जावयाच्या हाताकडे बघत राहिला. पोरगा ताडमाड, हातही तसेच. चाळीस वर्षं आपण आपल्याच आखूड हाताने मोजत आलो आणि हे कधी डोक्यातच आलं नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"नव्या माणसानं घोळ घातला, व्हय?" गणपतरावांनी विचारलं.

इकबाल खाली मान घालून खड्ड्यात उभा होता. हो म्हणून दस्तगीरला सुटता आलं असतं.

"त्येनं बराबर मोजलंय," तो म्हणाला. "माप माझ्या हाताचं हाय. चूक माझी."

गणपतरावांनी खोलीतून टेप आणला. दस्तगीरने हात पुढे केला. सव्वासतरा इंच भरला. इकबालचा वीस होता. गणपतरावांनी कोळशाने चुलवाणाची मापं आणि दस्तगीरच्या हाताचा आकडा भिंतीवर मोठा लिहून ठेवला. इकबालने तळात विटा बसवून तो दहा इंच वर आणला, तोंड आणि वाटही आवळली. माती सुकल्यावर पुन्हा पेटवलं तेव्हा रस तासाभरात उसळला आणि गूळ पिवळाधमक उतरला. हंगामभर रस प्यायला, गरम गूळ खायला येणारा जो तो भिंत वाचून जाऊ लागला.

पुढच्या दसऱ्याला इकबालला तीन कामं मिळाली. मलिका बापाशी गोड बोलू लागली. बाकीच्या गावांत तिथलेच गवंडी टेप घेऊन खड्ड्यात उतरले. दस्तगीरकडे कुणी आलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर कागलकडचा एक शेतकरी दारात आला. दस्तगीरने घाईने टोपी घातली, काठी घेतली आणि मलिकाला चहा टाकायला सांगितलं.

"बसत न्हाय चाचा," पाहुणा उंबऱ्याबाहेरूनच बोलला. "खड्डा खणून झालाय. पर कोण सतरा म्हणतंय, कोण सव्वासतरा. तेवढं सांगा की."

दस्तगीरला वाटलं, एकोणीस सांगावं. फार वाटलं.

"सव्वासतरा," तो म्हणाला.

पाहुणा चहाला थांबला नाही.