रविवारचा चिमटा

“वहिनी, तो चिमटा स्वतःपुरता वापर. बाबांच्या हाती लागू देऊ नकोस,” नणंद फोनवर म्हणाली होती. “त्यांना कशाचाही सामना बनवता येतो. आणि सामना एकदा सुरू झाला की जिंकल्याशिवाय ते मैदान सोडत नाहीत. मग पाय मोडो नाहीतर डोकं.”

नणंद फिजिओथेरपिस्ट, त्यात बाबांची लेक. म्हणजे दोन्ही बाजूंनी तिचा शब्द मानायला हवा होता. पण नेमका त्या वेळी बाळाने आपला पायमोजा तोंडात कोंबला होता, तो बाहेर काढायचा होता. आणि तसंही, सत्तरीला टेकलेल्या माणसाला प्लास्टिकच्या चिमट्यात काय रस असणार? तिने ते हसण्यावारी नेलं.

चिमटा म्हणजे चरबी मोजायचा कॅलिपर. दंडाची नाहीतर कमरेची कातडी बोटांच्या चिमटीत धरून ओढायची, ती घडी कॅलिपरच्या दोन जबड्यांत पकडायची आणि पट्टीवर तिची जाडी वाचायची. बाळंतपणानंतर तिचा वजनकाट्यावरचा विश्वास उडाला होता. काटा एक सांगायचा, जुनी जीन्स दुसरंच सांगायची, आणि नवरा “छान दिसतेस की” म्हणायचा, तेही फोनमधून मान वर न काढता. घरच्या घरी खरं काय ते कळावं, एवढाच तिचा हेतू होता.

अडचण अशी की दंडाच्या मागची घडी आपली आपल्याला मोजता येत नाही. एका हाताने ओढायचं, दुसऱ्याने कॅलिपर धरायचा आणि ज्या हाताचं मोजायचं तो सैल सोडायचा, म्हणजे तीन हात हवेत. शेपटीमागे लागलेल्या मांजरासारखी ती आरशासमोर गोल गोल फिरली आणि शेवटी नवऱ्याला हाक मारली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोरखंडाची झीज मोजायला असाच एक चिमटा त्याच्या पेटीत होता, फक्त लोखंडी. त्यामुळे हे काम आपल्या डाव्या हातचा मळ असल्याच्या थाटात त्याने तिचा दंड धरला, आणि कातडीबरोबर आतला स्नायूही धरला. ती कळवळली.

“अगं, आमचे दोरखंड कधी ओरडत नाहीत.”

“मी दोरखंड आहे?”

“नाही ना. असतीस तर हे मागवावं लागलं नसतं.”

खुर्चीतलं वर्तमानपत्र खाली आलं. “सरक,” बाबा मुलाला म्हणाले. “दे तो इकडे.”

बाबांनी जन्मभर शाळेत कवायत शिकवली होती. सासूबाई गेल्यावर ते इकडे राहायला आले तेव्हा एका बॅगेत कपडे होते आणि खिशात शिट्टी. घरात काहीही नवीन आलं की सोबतचा माहितीचा कागद शेवटपर्यंत वाचणारे ते एकटेच. तसा त्यांनी याचाही वाचला. मग खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पेनाने ठिपका काढला.

“हात सैल सोड, सूनबाई. सैल म्हणजे सैल. सलामी नाही द्यायची.”

घडी हलकेच उचलली, जबडे लावले, क्षणभर थांबले. “एकवीस,” ते म्हणाले. मग चष्म्यावरून मुलाकडे बघितलं. “आता तू. आणि मग माझं घ्या.”

झालं. नणंदेचा शब्द खरा करायला त्यांना एक सकाळ पुरली. दर रविवारी, अंघोळीच्या आधी, त्याच ठिपक्यावर मोजायचं. ज्याची घडी सगळ्यांत जास्त उतरेल त्याच्या गळ्यात आठवडाभर शिट्टी. शिट्टीवाल्याने फुंकली की बाकीच्यांनी हातातलं टाकून त्याचं एक काम करायचं. बाळाच्या मांड्यांना इतक्या वळ्या होत्या की त्यालाही घ्यावं असं नवऱ्याचं म्हणणं पडलं, पण बाबांनी ते फेटाळलं. “तो बाद. तो दिवसभर दुसरं काही करत नाही, खातो आणि वाढतो. आपण हौशी खेळाडू.”

बाबांचं मोजायचं काम तिच्याकडे आलं. लेकाची बोटं राकट, आणि स्वतःचं स्वतः मोजणं म्हणजे आपला पेपर आपणच तपासणं, असं बाबांचं मत.

त्याच सुमाराला घरात दोघांना दात येत होते. बाळाला पहिले आणि बाबांना शेवटचे. बाबांनी नवी कवळी बसवून घेतली होती आणि ती बेतून शिवलेल्या कपड्यासारखी बसलीय, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून झालं होतं. दातांच्या डॉक्टरने पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. “पास झालेला पोरगा परत परीक्षेला बसतो का?” म्हणून बाबा गेले नाहीत. बाळाच्या हिरड्यांकडे मात्र ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. टॉर्च लावून आतला पांढरा कोंब शोधायची, फारच रडला तर डॉक्टरांनी दिलेलं, हिरड्या बधिर करणारं जेल मुगाच्या दाण्याएवढं बोटाने चोळायची.

पहिला रविवार बाबांनी जिंकला. दुसराही. तिसऱ्याला नवऱ्याने सबंध आठवडा जिने चढून काढला होता, म्हणजे लिफ्टवाल्याच्या दृष्टीने धंद्याशी बेइमानीच. तरी बाबाच पुढे.

“तुमचा ठिपका सरकलाय,” नवरा म्हणाला.

“नाचता येईना अंगण वाकडं,” म्हणून बाबांनी शिट्टी गळ्यात घातली.

शेजारपाजारचे कौतुक करायचे. सर काय झालेत बघा, विशीतल्या पोरासारखे. बाबा पट्ट्याला नवं भोक पाडून घ्यायचे आणि ते सगळ्यांना दाखवायचे. तिलाही आधी मजा वाटत होती. मग एका रविवारी तिने त्यांच्या दंडाची घडी उचलली आणि बोटांत जवळजवळ काही आलंच नाही. पातळ, सुरकुतलेल्या कागदासारखं काहीतरी आलं, आणि सोडल्यावर ते लगेच जागेवर गेलं नाही. तिने पुन्हा उचलली. पुन्हा तेच.

“किती?” बाबांनी उत्सुकतेने विचारलं.

तिने आकडा सांगितला. ते खूश झाले. ती झाली नाही.

“इतकं इतक्या भराभर उतरतं का?” तिने स्वयंपाकघरात नवऱ्याला विचारलं.

“शिस्त आहे त्यांना. तुझ्यामाझ्यासारखं नाही.”

“मला बरं दिसत नाही लक्षण.”

“तुला बाळाची शिंकसुद्धा बरी दिसत नाही. परवा त्याचा श्वास मोजत बसली होतीस, तो गाढ झोपलेला.”

हे खरंच होतं. काळजी करणाऱ्या माणसाची हीच गत. लांडगा आला रे म्हणून इतकं ओरडून झालेलं असतं की खरा लांडगा दारात येऊन बसला तरी घरचे त्याला पाणी विचारतील.

पण आता ती बघू लागली. बाबा जेवायला सगळ्यांच्या आधी बसत, नाहीतर नंतर, आणि आपलं ताट आपणच विसळत. ती स्वतः बाळाला कडेवर घेऊन उभ्याउभ्याच खायची, त्यामुळे कोण किती खातंय हे तिला कधी दिसलंच नव्हतं. बाबा चहात पाव बुडवून खातात, तेही अर्धाच. शिट्टी फुंकली की आता फुस्स व्हायची. “आतला दाणा अडकलाय,” बाबा म्हणायचे. आणि एका सकाळी बाळाला खाली फिरवून आणायला निघाले ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, बाळाला छातीशी घट्ट धरून, खाली बसले. बाळाला वाटलं खेळ आहे. ते हसलं. बाबा हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम होता.

“गुडघा,” ते म्हणाले.

“गुडघ्याने घाम येतो?” तिने बाळ घेतलं, पण तिचे डोळे बाबांवरून हलले नाहीत.

त्या दिवशी तिने फोनवर नको तितकं वाचलं. वजन आपोआप घटण्याची जी जी कारणं असतात ती सगळी एकाखाली एक लिहिलेली होती, आणि त्यांतली बरीचशी उच्चारायलाही जड होती. तिने नणंदेला फोन केला. नणंद हसली नाही. “आधी डॉक्टरकडे ने,” म्हणाली. “ओढत ने.”

बाबांना ओढणं सोपं नव्हतं. “मला काय झालंय? मी पहिला आलोय. पहिला आलेल्या मुलाला कुणी दवाखान्यात नेतं का?”

मग तिने सरळ वाट सोडली. बाळाच्या लसीचा दिवस आला तेव्हा ती म्हणाली, “बाबा, तुमच्या लेकाला कामावर जायचंय. मला एकटीला बाळ, पिशवी, छत्री सगळं सावरत नाही. येता?” मदत मागितली की बाबा नाही म्हणत नसत. आत गेल्यावर डॉक्टरबाईंच्या कानाला लागायचं, त्यांना जरा नजर टाका म्हणायचं, असा तिचा बेत होता. त्या मुलांच्या डॉक्टर. पण डॉक्टर तर खऱ्या.

मुलांच्या दवाखान्यात मोठ्या माणसाच्या मापाचं काही नव्हतं. बाबा एका पिवळ्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसले. समोरच्या भिंतीवर उंची मोजायचा जिराफ होता. आत बोलावल्यावर डॉक्टरबाईंनी बाळाला तपासलं, खुशीत मान हलवली आणि सुई टोचली. बाळाने छत डोक्यावर घेतलं आणि मग शांत झालं. ती कानाला लागायची संधी शोधत होती. तेवढ्यात आठवलं म्हणून म्हणाली, “आणि ते हिरड्यांचं जेल संपलंय. अजून एक लिहून द्याल?”

डॉक्टरबाईंचा पेन थांबला. “मागच्या वेळी दोन दिल्या होत्या. दिवसातून किती वेळा लावता?”

“रोज नाहीच लावत. अगदीच रडला तर, मुगाएवढं.”

“मग दोन ट्यूब गेल्या कुठे?”

ट्यूब हलकी होत चाललेली तिला दिसली होती, पण झाकण नीट लागत नसेल असं वाटलं होतं.

“हे बघा,” डॉक्टरबाईंचा आवाज सावध झाला. “घरात अजून कुणी लावतं का याला? एवढं औषध याच्या पोटात गेलं असेल तर मला रक्त तपासावं लागेल. आजच.”

बाळ तिच्या ओढणीचं टोक चघळत होतं. कुणी लावलं? नवऱ्याने? तिनेच, अर्धवट झोपेत? “मीच असेन,” ती म्हणाली. “मला आठवत नाही, पण मीच असेन.”

“त्याला नाही लागलं,” बाबा म्हणाले. ते पाठमोरे उभे होते, दारातून दिसणाऱ्या जिराफाकडे तोंड करून.

“काय?”

“जेल. त्याला कुणी लावलं नाही. मी लावतो. मला.”

मग डॉक्टरबाईंनी तपासायच्या टेबलावरची खेळणी बाजूला सारली. “आजोबा, बसा इथे. आ करा.”

“तशी काही गरज नाही.”

“इथे येणारे सगळे असंच म्हणतात.” त्यांनी लाकडी पट्टी उचलली. “सिंह कसा करतो?”

बाबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं उशिरा येणाऱ्या पोराकडे शाळेच्या फाटकात बघत असतील. पण सिंह म्हटल्याबरोबर बाळाने आईच्या कडेवरूनच भलामोठा जबडा उघडला आणि मग बाबांचा नाइलाज झाला.

कवळी बाहेर आली. खालच्या हिरडीवर एका बाजूला कवळीची कड रुतून खोल जखम झाली होती. दुसरीकडे एक जुनी, एक नवी. ती जखम बघताना तिला आपलेच दात दुखल्यासारखं झालं. इतके आठवडे ती टॉर्च लावून एकाच तोंडात बघत होती.

“बाबा, सांगायचं नाही का?”

“काय सांगू? सगळ्यांना सांगून बसलो होतो एकदम फिट म्हणून.” कवळीशिवाय त्यांचा आवाज वेगळाच येत होता, कुणा लहान मुलासारखा. “चावलं की कळ यायची. मग नाहीच चावलं. आणि तुम्ही सगळे म्हणत होतात, काय छान उतरलंय. मला वाटलं चाललंय ते बरं चाललंय.” मग म्हणाले, “तुझी सासू असती तर पहिल्याच घासाला ओळखलं असतं तिने.”

“मी पण ओळखलं. जरा उशिरा.”

“हो,” बाबांनी मान हलवली. “तू दुसरी आलीस.”

डॉक्टरबाईंनी रक्ततपासणी लिहून दिली, ती बाळाची नव्हे, बाबांची. तपासणीत अशक्तपणाखेरीज काही निघालं नाही, आणि उच्चारायला जड अशी सगळी कारणं तिने फोनमधून पुसून टाकली. दातांच्या डॉक्टरने कवळीची कड घासली, मग दोनदा पुन्हा बोलावून घासली. बाबा तिन्ही वेळा गेले, कारण दर वेळी ती सोबत होती आणि दर वेळी तिला पिशवी जड होत होती.

मग एका रविवारी तिने बाबांचा दंड धरला, तर चिमटीत जरा ऐवज आला. आकडा वर गेला होता. नवरा टाळ्या वाजवू लागला. बाबांनी पुन्हा मोजायला लावलं, ठिपका तपासला, चिमट्याची स्प्रिंग सैल झाली असणार असा आरोप केला आणि हरल्याच्या रागात दोन उकडलेली अंडी आणि भाजलेला पाव खाल्ला, कुरकुरीत कडांसकट. ती समोर बसून बघत होती. स्वतःचं ताट घेऊन, खाली बसून.

“काय बघतेस?”

“काही नाही. जेवतेय.”

हे वाचणाऱ्यांकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्या घरात नाहीतर ओळखीत एखादं वयस्क माणूस असेल, अलीकडे छान बारीक झालेलं, सगळे ज्याचं कौतुक करतात असं. तब्येत बरी आहे ना, असं त्यांना विचारू नका, बरी आहे असंच म्हणतील. आज जेवणाच्या वेळी त्यांच्याकडे जा, शेजारी बसा, काहीतरी कडक चावायचं त्यांच्या हातात द्या, आणि ते संपेपर्यंत उठू नका.