बांगड्यांच्या डब्यातून आलेली फ्यूज

“सुनंला सांगू नको तार लावल्याली. मशीन तिच्या बापानं दिल्यालं हाय.”

पिंगळीच्या आश्रुबांनी आपल्या लेकाला, रामहरीला, हे हळूच सांगितलं. आश्रुबांचं हळूच म्हणजे शेजारच्या गोठ्यातल्या शेळ्याही कान टवकारतात. मागं भांडी घासत बसलेल्या नव्या सुनेनं, दीपिकानं, ते ऐकलं आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासलं.

मी तेव्हा तिथं नव्हते. मी एक फ्यूज. काचेची बारीक नळी, दोन्ही टोकांना टोप्या, पोटात केसासारखी तार. लग्नाबारशाला गाणी वाजवायच्या मशीनमध्ये, म्हणजे अॅम्प्लिफायरमध्ये, वीज जास्त झाली की आपण आधी वितळायचं आणि मशीन वाचवायचं, एवढंच माझं काम. कारखान्यातून निघाले ती मानवतच्या एका दुकानात पडून राहिले. दीपिका पंचमीला माहेरी आली, तेव्हा तिनं मला विकत घेऊन नव्या बांगड्यांच्या डब्यात ठेवलं. आईला तिनं हे सगळं सांगितलं, ते मी डब्यात पडल्यापडल्या ऐकलं.

दुकानदार तिला म्हणाला होता, “कोणतीबी न्या ताई, समद्या सारख्याच.” रामहरीनं मागं अशीच, नुसती दिसायला सारखी फ्यूज आणली होती. पण मशीन चालू होताना एकदम वीज ओढतं, उपाशी माणूस पहिला घास घेतो तसं. ती उतावळी बिचारी तेवढ्यानंच उडायची. मग बापलेकांनी तिच्यावर तार गुंडाळली. आता कितीही वीज आली तरी अडवणारं कुणी नाही.

दीपिकानं मशीनच्या पाठीचा फोटो मोबाइलवर काढून आणला होता. तीन अँपिअर, आणि शेजारी ‘टी’ हे अक्षर. म्हणजे पहिला झटका सोसणारी, सावकाश वितळणारी. म्हणजे मी. घरातले बाकीचे मशीनची समोरची बटणं पुसतात. ही पाठही पुसते.

ती सासरी परतली तेव्हा अंगणात मशीन वाजत होतं. शेजारच्या गावी बारशाची ऑर्डर होती, म्हणून बापलेक आधी वाजवून बघत होते.

“दादा, लय गरम व्हायलंय,” रामहरी बापाला म्हणाला.

“वाजायलंय न? मग वाजू दे.”

“वास येईना का तुमाला?” सासू कासाबाई चुलीपासून म्हणाल्या. “का दोघं बापलेक नाक गहाण ठेवून बसलेत?”

दीपिकानं डबा उघडून मला तळहातावर घेतलं. माणसांची एक खोड मला ठाऊक आहे. आम्ही उडालो की ती आमच्यावर चिडतात, का उडालो ते बघत नाहीत. तेवढं बघा, एवढंच माझं मागणं. आज मी त्याच मशीनच्या पाठीत बसले आहे, अजून धड आहे. उद्याचं सांगता येत नाही.

त्या दिवशी दीपिकानं आधी बोर्डातली पिन उपसली. गाणं अर्ध्यावर थांबलं. सासऱ्यांपुढं ती आजवर ‘जी’च्या पुढं गेली नव्हती.

“मामा, ती तार काढा. जळायचंच आसंल तर ही नळी जळू द्या, मानवतला अशा मिळत्यात. माझ्या बापाकडं मशीन एकच होतं.”