'काढा' नावाचं बटण आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. भिंतीतली नव्हे हं. मला गज नाहीत, पडदा नाही, माझ्यातून वाराही येत नाही. एका फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम आहे आणि त्याच्या डाव्या कडेला, दीड वीत उंच नि चार बोटं रुंद अशी मी राहते. कुठल्या फोल्डरमध्ये कोणते फोटो आहेत ते दाखवायचं, एवढंच माझं काम. आज तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. सांगता सांगता मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या.

स्टुडिओच्या मालकांना गल्लीतली मुलं फोटोकाका म्हणायची. मीही तेच म्हणते. पुढे काउंटर, मागे निळा पडदा, पडद्यासमोर एक फिरतं स्टूल, आणि मागचं दार उघडलं की त्यांचं घर. फोटो काढण्यात काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण कॉम्प्युटर म्हटलं की ते पार गोंधळायचे. अल्बम जुळवताना एखादा फोटो हवा असला, की अल्बम बंद करायचा, फोल्डर उघडायचा, फोटोचा नंबर पाठ करायचा आणि परत येईपर्यंत तो विसरायचा.

"अगं, नवरीच्या मावशीचा फोटो इथेच होता! कुठे उलथला आता?" असं ते ओरडले की त्यांची मुलगी आतून धावत यायची. ती नुकतीच प्रोग्रॅमिंग शिकली होती. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला एकच प्रोग्रॅम करून देते. डावीकडे फोटो, उजवीकडे अल्बम. तुम्ही जागचं हलायचंच नाही."

आधी तिने डावीकडे एक साधी यादी बसवली. ती नुसती नक्कल होती. डिस्कवरचा फोटो कधीच गेलेला, तरी यादीत त्याचं नाव ऐटीत बसलेलं. काका वैतागले. "तुझी यादी धादांत खोटं बोलते," म्हणाले. मग मुलीने ती यादी मोडीत काढली आणि कॉम्प्युटरची मूळची, खरे फोल्डर दाखवणारी खिडकीच आणून आपल्या प्रोग्रॅमच्या आत बसवली. तीच मी. माझ्यात जे दिसतं ते डिस्कवर खरोखर असतं, आणि माझ्यातून जे जातं ते खरोखर जातं.

दुसऱ्याच्या घरात राहायचं म्हणजे काय, ते घरजावयाला विचारा. प्रोग्रॅम पसरला की मी पसरायचं, तो मिटला की मुकाट्याने मिटायचं. पहिले पंधरा दिवस तर बाणाचं बटण दाबलं की मी हलायचं की अल्बमने, यावरून आमची रोज जुंपायची आणि मुलगी डोक्याला हात लावून बसायची. शेवटी जमलं एकदाचं.

माझी जुनी बटणं इंग्रजीत होती. काकांना ती वाचायचा कंटाळा. म्हणून मुलीने माझ्या डोक्यावर तीन मराठी बटणं लावली. 'उघडा', 'नाव बदला', आणि तिसरं 'काढा'. काढा म्हणजे फोटो पुसून टाका.

"हा कसला काढा? खोकल्याचा?" काकांनी विचारलं.

"बाबा! एवढ्याशा जागेत मोठा शब्द मावत नव्हता."

सुरुवातीला कुणी ते बटण दाबलं की मी विचारायचे, 'नक्की काढायचा का?' पण लग्नाच्या फोटोंत शंभर जणांचे डोळे मिटलेले असतात. काका शंभरदा 'हो' म्हणून थकले. "सारखं काय विचारतेस गं? एकदा हो म्हटलं ना!" ते माझ्यावरच डाफरायचे. मुलीने माझा प्रश्न बंद करून टाकला. पुसलेले फोटो आधी कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडायचे आणि जागा अडवायचे, म्हणून तिने तो डबाही मधून हटवला. "आता कशी शहाण्यासारखी वागते!" काका खूश होऊन म्हणाले. मी काय फुशारले होते म्हणून सांगू! त्या फुशारकीची आज मला लाज वाटते.

चौदा वर्षं मी काकांच्या डोळ्यांसमोर होते. गिऱ्हाइकांना ते कौतुकाने सांगायचे, "आमच्या लेकीने बनवलंय. बोट ठेवलं की फोटो हजर."

रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी काका दिवे लावून बघायचे. त्यासाठी स्टुलावर कुणीतरी बसायला हवं. मग काका स्वतः बसायचे आणि काकू कॅमेऱ्याचं बटण दाबायच्या.

"अहो, हलू नका की!"

"तू दाब लवकर. चहा निवतोय तिकडे."

उजेड बरोबर आहे एवढं बघून काका तो फोटो पुसून टाकायचे. पण एखाद्या दिवशी त्यांचा हात थांबायचा. असे एकोणीस फोटो त्यांनी 'उजेड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले होते. एकात ते काकूंवर रागावलेत, एकात जांभई देतायत, आणि एकात काकू काहीतरी बोलल्या असणार, म्हणून अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतायत.

मागच्या थंडीत काका दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत.

मुलगी महिनाभर राहिली आणि दूरच्या गावी कामावर परतली. कॉम्प्युटरवर कापड पडलं. मला वाटलं, आपलंही संपलं. पण काकूंना भिंतीवर लावायला काकांचा एक फोटो हवा होता, आणि तो काही केल्या मिळेना. साऱ्या गावाचे फोटो घरात, आणि फोटोवाल्याचाच नाही! मुलीच्या फोनवरच्या प्रत्येक फोटोत त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा. लग्नाचा एक होता. तो बघून काकू म्हणाल्या, "हा मिसरूड फुटलेला मुलगा आहे गं. मला हे हवेत, शेवटी जसे होते तसे."

तेव्हा त्यांना 'उजेड' आठवला. एका दुपारी त्यांनी कापड काढलं आणि चौदा वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासमोर बसल्या. मुलगी फोनवरून सांगत होती.

"आई, डावीकडे 'उजेड' दिसतंय का?"

"दिसतंय. अगं बाई, हे बघ कसे हसतायत इथे!"

"रडू नकोस ना गं. सगळे फोटो निवड. निवडलेस? आता ते काढ आणि पेन ड्राइव्हवर टाक. मी रविवारी येते, मग मोठा करून घेऊ. थांब हं आई, साहेब बोलावतायत. पाच मिनिटांत करते फोन."

फोन बंद झाला. काकूंनी चष्मा नीट केला आणि माझ्या डोक्यावरची बटणं बोट फिरवून वाचली. उघडा. नाव बदला. काढा.

"हां, हे काय इथेच आहे की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

मित्रांनो, मला ओरडायचं होतं. काकू, थांबा, एकदा पोरीला विचारा, असं सांगायचं होतं. पण माझा प्रश्न तर कधीच बंद झालेला. एकोणीसच्या एकोणीस काका माझ्यातून गेले आणि मी पांढरीफटक पडले.

काकूंना मात्र कोण आनंद! फोन आल्याबरोबर म्हणाल्या, "निघाले गं! एका झटक्यात सगळे निघाले!"

"शाब्बास आई! आता बाबांच्या कॅमेऱ्यातलं कार्डही लाव. त्यातले फोटो आपोआप कॉम्प्युटरमध्ये भरले जातील. तेही हरवायला नकोत."

काकूंनी कार्ड लावलं. डिस्कवर आधीच जेमतेम जागा उरली होती. कुणाकुणाच्या लग्नाचे दोन हजार फोटो आत आले आणि काका जिथे होते त्या जागेवर जाऊन बसले. फोटो त्यात गेले असं समजून काकूंनी बाजूला लावलेला रिकामा पेन ड्राइव्ह काढला, रुमालात गुंडाळला आणि उशाशी ठेवला. चार दिवस त्या भिंतीवरची जागा पुसत होत्या. खिळासुद्धा ठोकून घेतला.

रविवारी मुलगी आली. तिने पेन ड्राइव्ह लावून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. 'उजेड' रिकामा होता.

"आई, तू काय दाबलंस?"

"काढा. तूच म्हणालीस ना, काढ म्हणून?"

"आई, काढा म्हणजे पुसा. मीच लिहिलंय ते." मुलगी तोंड झाकून हुंदके देऊ लागली.

काकूंनी त्या बटणावर बोट ठेवून ते पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाल्या, "या घरात चाळीस वर्षं फोटोच काढले गं. काढा म्हणजे पुसा, हे मला कसं कळावं?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "पण गेले माझ्याच हाताने ना?" त्या दिवशी त्यांनी हे किती वेळा विचारलं, ते मी मोजलं नाही. मला ऐकवत नव्हतं.

मुलीने सुट्टी वाढवली. दोन दिवस ती पुसलेले फोटो परत आणायच्या मागे हात धुऊन लागली होती. जेवणाचं ताट तसंच पडून. शेवटी एकच फोटो आला, तोही अर्धामुर्धा. विरळ केस, कपाळ, एक भुवई, आणि त्याखाली नुसता राखाडी रंग.

"एवढंच मिळालं, आई. हा काय कामाचा? टाकून देते."

"खबरदार!" काकू ताडकन उठल्या. "मोठा करून आण. चौकटीसकट."

तो फोटो आता माझ्या समोरच्या भिंतीवर आहे. येणारे-जाणारे बिचकतात. परवा एक बाई न राहवून म्हणाल्या, "काकू, फोटो खराब आलाय का हो? खालचा चेहरा दिसतच नाही."

काकूंनी काचेवरची धूळ पुसली. म्हणाल्या, "खालचं मला पाठ आहे."

मुलीने जाण्यापूर्वी माझं बटण बदललं. आता त्यावर 'कायमचे पुसा' असं लिहिलंय. शब्द मावत नव्हते, म्हणून तिने मला बोटभर रुंद केलं. तेवढी जागा तेव्हाही होती हो! माझा प्रश्नही तिने परत दिला. पण आता माझ्यासमोर कुणी बसत नाही.

मित्रांनो, एवढंच मागते. तुमच्या घरात जो सगळ्यांचे फोटो काढतो, त्याला आज स्टुलावर बसवा, त्याचा फोटो घ्या आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी एखादं बटण बनवलंच, तर त्यावरचा शब्द आधी आपल्या आईला वाचायला द्या. वाचून झाला की तिला विचारा, तुला काय कळलं?