काळ्या पडद्यावरचा मजकूर

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझं तोंड काळं झालं होतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. मी चोरीबिरी काही केली नव्हती. माझा पडदा गेला होता, एवढंच. आतून मी ठणठणीत होतो, पण ते माझं मलाच ठाऊक.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येत नाही. आठवण साठवायची सोय माझ्यात बसवली, तोवर अर्धा मी जुळून तयार झालो होतो. खोक्यातून बाहेर आलो तेव्हा समोर नीन्केचा चेहरा होता. नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रीसलँडमध्ये डोक्कुम नावाचं गाव आहे, तिथली ही नीन्के. कालव्यांच्या पाण्याची पातळी नोंदवणाऱ्या कचेरीत ती काम करते. कालव्यात पाणी बोटभर वर गेलं की माझ्या पडद्यावरचा आकडा वर जायचा, खाली आलं की खाली यायचा. आठ वर्षं आम्ही दोघांनी हेच केलं. कचेरीतले बाकीचे लॅपटॉप दोनदोनदा बदलले गेले, मी टिकलो. "तुझा म्हातारा अजून पळतो की गं!" असं कुणी म्हटलं की मला बरं वाटायचं.

रोज सकाळी ती मला सायकलच्या पिशवीत टाकायची आणि विटांच्या रस्त्यावरून खडखडत कचेरीत न्यायची. इथल्या लोकांची एक गंमत आहे. सायकलवरून नेता येणार नाही अशी वस्तू जगात असते, यावर त्यांचा विश्वासच नाही. पोरं, कुत्री, खुर्च्या, गाद्या, सगळं सायकलवर. मग मी कोण लागून गेलो? कचेरीत पोचलं की ती एका हातात कॉफीचा मग धरून दुसऱ्या हाताने माझ्या झाकणाचा डावा कोपरा उचलायची. मी त्याची कधी तक्रार केली नाही. करणार तरी कशी?

गेल्या जानेवारीत नीन्केची आई गेली. आईला ती मेम म्हणायची आणि वडिलांना हाइत म्हणते. इकडे तशीच पद्धत आहे. मेम जवळच्या लेवार्डन शहरातल्या इस्पितळात होती. हाइत म्हणजे विब्रेन, वय वर्षं शहाऐंशी. ते त्याआधीच मांडीचं हाड मोडून वृद्धांच्या एका निवासात राहायला गेले होते. उभा जन्म त्यांनी बोटींना वाट देण्यासाठी कालव्यावरचा पूल उघडण्यात आणि मिटवण्यात घालवला. बोटींचे भोंगे ऐकून ऐकून म्हणा किंवा वयाने म्हणा, आता त्यांना ढोलसुद्धा ऐकू येत नाही.

म्हणून बुधवारी आणि रविवारी दुपारी नीन्के मला घेऊन त्यांच्या खोलीत जायची. त्यांच्या मांडीवर मला ठेवायची आणि भल्यामोठ्या अक्षरांत लिहायची. ते वाचायचे आणि उत्तर मोठ्याने ओरडून द्यायचे, कारण आपला आवाज किती चढलाय हे त्यांना कळत नाही. तिने वही आणून पाहिली होती. "हे अक्षर आहे की कोंबडीचे पाय?" असं ओरडून त्यांनी ती वही परत केली. फोनवरची अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसायची. तेव्हा बापलेकीत जे काही बोलणं उरलं होतं, ते माझ्यातून जायचं.

आणि ते बोलणं म्हणजे काय? "आज वारा आहे." "सूप खाल्लंत का?" "पायमोजे धुऊन आणलेत." मेम गेल्यापासून नीन्केला काहीच वाटेनासं झालं होतं. ती रडली नाही. कचेरीत पाण्याचे आकडे भरायची आणि इथे येऊन वाऱ्याबद्दल लिहायची, आणि दोन्हीकडे तिच्या बोटांचा वेग तोच असायचा. मला तर रडता येतच नाही. आम्ही दोघं एकमेकांना शोभत होतो.

पण एक गोष्ट फक्त मला माहीत होती. दर चारआठ दिवसांनी हाइत विचारायचे, "शेवटी मला विचारलं होतं का गं तिनं?" मग नीन्के लिहायला लागायची. पडदा स्वतःकडे वळवून दोनदोन मिनिटं लिहायची. नंतर पुसण्याच्या बटणावर बोट दाबून धरायची आणि सगळं पुसून टाकायची. मग दोनच शब्द लिहायची, "झोपेत होती", आणि पडदा वडिलांकडे फिरवायची. माझ्या सगळ्या बटणांत ते एकच बटण झिजून गुळगुळीत झालं होतं.

मार्च महिन्यात एका बुधवारी तिने माझं झाकण उघडलं आणि मी काळा. पंखा फिरतोय, बटणाखाली दिवा लागतोय, पण पडद्यावर मिट्ट अंधार. तिने उजेड वाढवायचं बटण दाबलं. मला पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं. झाकण थोडं मिटलं तेव्हा मी क्षणभर लुकलुकलो, पुरतं उघडलं तेव्हा पुन्हा विझलो. घरी जाऊन तिने मला तारेने टीव्हीला जोडलं, तर टीव्हीवर सगळं लख्ख! कालवे, आकडे, मोठ्या अक्षरांतलं "आज वारा आहे". माझ्यात सगळं होतं, फक्त ते माझ्या तोंडावर उमटत नव्हतं.

डोक्कुममध्ये महिन्याच्या पहिल्या शनिवारी वस्तीच्या सभागृहात मोडक्या वस्तू दुरुस्त करून देतात. पैसे घेत नाहीत, पण नियम कडक आहे. वस्तू टाकून निघून जायचं नाही. मालकाने शेजारी बसायचं, तक्ता भरायचा आणि आपली वस्तू उघडताना बघायची. कॉफी मिळते, सोबत एक बिस्किट मिळतं, आणि दुसऱ्यासाठी हात पुढे जायच्या आत डब्याचं झाकण बंद होतं. यंत्र उघडणार म्हटल्यावर हाइत हट्टाने चाकाच्या खुर्चीतून आले. त्यांच्या पुलाचं यंत्र ते स्वतः उघडायचे.

माझ्या वाट्याला गेर्लोफ आला. हा पूर्वी जहाजांवर विजेची कामं करायचा.

"टीव्हीला लावला की चालतो?" त्याने विचारलं.

"चालतो," नीन्के म्हणाली.

"म्हणजे डोकं शाबूत आणि तोंड बंद. आमच्या मेहुण्याच्या बरोब्बर उलट."

नीन्के हसली नाही. गेर्लोफने मला एका जुन्या पडद्याला जोडून खात्री करून घेतली. मग टेबलावरचा दिवा मालवला आणि छोटा टॉर्च माझ्या काळ्या पडद्याला तिरका लावला. "हे बघा, चित्र आहे. अगदी फिकट, पण आहे. त्याच्या मागचा दिवा तेवढा पेटत नाही." हाइतना ऐकू आलं नाही, पण ते खुर्चीतून पुढे वाकले आणि डोळे बारीक करून पाहत राहिले. नीन्केने मात्र मान वर केली नाही. तक्त्यातल्या "वस्तू किती वर्षं वापरली" या रकान्यात ती आठाचा आकडा लिहीत होती, आणि लिहून झाल्यावरही त्याच आकड्याकडे बघत बसली.

गेर्लोफने मला उघडलं. डाव्या बिजागरीतून पडद्याकडे जाणारी तार घासून घासून तुटायला आली होती.

"नेता कशातून याला?"

"सायकलच्या पिशवीतून."

"रोज? त्या विटांवरून? आठ वर्षं?"

"मग दुसरं कशातून नेणार?"

गेर्लोफचा स्वतःचा लॅपटॉपही बाहेर सायकलच्या पिशवीतच होता. तारेचा नमुना जुना झालाय, मागवावी लागेल, चार आठवडे लागतील, असं सांगून त्याने मला मिटवलं.

चार आठवडे बापलेकीने बोलायचं कसं? निवासाच्या दिवाणखान्यात मोठा टीव्ही होता. नीन्के मला त्याला जोडू लागली. आता तिचं प्रत्येक वाक्य भिंतीएवढं उमटायचं आणि कॉफी पिणारी दहा म्हातारी माणसं ते वाचायची. "हाइत, पाय दुखतो का?" असं तिने लिहिलं की हाइत ओरडायचे, "नाही, मुळीच नाही!"

"अगं, थापा मारतोय तो!" बाजूच्या होकस्ट्राबाई स्वेटर विणता विणता म्हणायच्या. "काल कण्हून कण्हून माझी झोप उडवली. आणि औषध कुंडीत ओततो. तेही लिही त्या टीव्हीवर."

अशा जागी ती लिहिणार काय? वारा आणि सूप. हाइतनीही त्या चार आठवड्यांत मेमबद्दल एकदाही विचारलं नाही. पुसण्याच्या बटणाला विश्रांती मिळाली.

मग एप्रिलमधला एक रविवार आला. दिवाणखान्यात अकॉर्डियन वाजवणारा आला होता आणि टीव्ही भिंतीकडे सरकवला होता. नीन्के मला घेऊन हाइतच्या खोलीत बसली. बोलायला काही साधन नव्हतं, तरी सवयीने तिने मला वडिलांच्या मांडीवर ठेवून उघडलं. मी चालू झालो, नेहमीचं पान आत उघडलं, आणि वर काळाकुट्ट अंधार.

"शेवटी मला विचारलं होतं का गं तिनं?" हाइत ओरडले.

मित्रांनो, नीन्केची बोटं बटणांवर आली. काही दिसणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि त्यामुळेच असावं, त्या दिवशी ती पहिल्यांदा न थांबता लिहीत गेली. तिने लिहिलं, "मेमनं तुम्हाला बोलावलं होतं. संध्याकाळी साडेसहाला म्हणाली, विब्रेनला घेऊन ये. मी म्हटलं, रस्त्यावर बर्फ आहे, सकाळी आणते. खरं तर बर्फ त्या दिवशी सकाळी होता. संध्याकाळपर्यंत मीठ टाकून रस्ता मोकळा झाला होता. मी दमले होते. घरी गेले, सूप गरम करून प्यायले, झोपले. पहाटे इस्पितळातून फोन आला."

तिने हात मांडीवर घेतले. पुसायची गरजच नव्हती, दिसतंय कुणाला? तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. माझ्याही नव्हतं.

हाइतनी उशाजवळचा खण ओढला. त्यात त्यांचा पुलावरचा टॉर्च होता, धुक्यात बोटींना खूण करायचा, मनगटाएवढा जाड. नीन्केला वाटलं, चष्मा शोधतायत. त्यांनी टॉर्च पेटवला, गेर्लोफने धरला होता तसा तिरका धरला आणि माझ्या पडद्यावर टेकवला.

"पहाटे इस्पितळातून फोन आला," ते ओरडून वाचायला लागले. अक्षरं मोठी असल्याने पडद्यावर शेवटचीच दोनतीन वाक्यं मावत होती. त्यांनी एका बोटाने वर जायचं बटण शोधलं. पुलाच्या खोलीत आयुष्य गेलेल्या माणसाला बटणांची काय भीती? ते उलटे वर वर वाचत गेले. "सूप गरम करून प्यायले. मी दमले होते." बाहेर अकॉर्डियन चालू होतं आणि तिचं एकेक वाक्य त्या आवाजावर चढून तिच्या कानांवर पडत होतं. ती उठली नाही. तिने झाकणही मिटलं नाही. ते पहिल्या ओळीवर पोचले.

"मेमनं तुम्हाला बोलावलं होतं."

टॉर्चचा उजेड त्यांनी त्या ओळीवरच ठेवला.

"मला वाटलंच होतं काहीतरी आहे," ते म्हणाले. "मी बहिरा आहे नीन्के, आंधळा नाही. तुझी बोटं दोन मिनिटं नाचायची, आणि वाचायला काय मिळायचं? झोपेत होती! इतकं लिहिलंस ते गेलं कुठे, असं मी दर वेळी मनात म्हणायचो."

नीन्केने लिहिलं, "माझं चुकलं." त्यांनी टॉर्च सरकवून वाचलं.

"रस्त्याचं सोड. दमली होतीस, झोपलीस. मीसुद्धा इथं झोपलोच होतो. पण तिनं मला बोलावलं आणि तू तीन महिने ते स्वतःजवळ ठेवलंस. मी इथं पडल्या पडल्या म्हणतोय, साठ वर्षं संसार केला आणि जाताना या बाईला माझी आठवणसुद्धा झाली नाही!" त्यांनी बोटाने माझी बटणं दाखवली. "आणखी काय म्हणाली? अगदी तिचे शब्द सांग."

नीन्केच्या बोटांचा वेग तेव्हा पहिल्यांदा बिघडला. चुका करत, अडखळत तिने लिहिलं, "म्हणाली, त्याला टोपी घालायला सांग. सांगून ऐकणार नाही तो."

हाइतनी ते दोनदा वाचलं. मग टॉर्च विझवला आणि माझ्या बटणांवर असलेल्या तिच्या हातांवर आपला हात ठेवला. माझ्यावर पाण्याचे थेंब पडले. कुणाचे ते मला सांगता येणार नाही, दोघंही माझ्यावर वाकलेली होती. लॅपटॉपला पाणी वाईट असतं, पण त्या दिवशी मला काही झालं नाही.

पुढच्या शनिवारी गेर्लोफने नवी तार बसवली आणि माझं तोंड उजळलं. रविवारी नीन्केने पहिलं वाक्य लिहिलं, "आज वारा आहे." हाइतनी ते वाचलं आणि ओरडले, "मग टोपी दे ना इकडे!" त्या दिवशी ती त्यांना कालव्यापर्यंत फिरायला घेऊन गेली. मी खोलीतच राहिलो, झाकण उघडं.

आता मी फार दिवसांचा सोबती नाही. जुन्या बॅटरीने माझं पोट फुगायला लागलंय आणि कचेरीत नवा लॅपटॉप येऊन बसलाय. जाण्याआधी तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आमचं झाकण कोपऱ्याला धरून ओढू नका, मधोमध धरा, आणि त्यासाठी हातातली कॉफी क्षणभर खाली ठेवा. खडबडीत रस्त्यावर आम्हाला पाठीवर घ्या, पाठीला धक्के कमी बसतात. आणि कुणाचं तोंड काळं, गप्प, कोरं दिसलं, तर आत काही उरलेलं नाही असं ठरवून त्याला मिटवून टाकू नका. आधी एक टॉर्च आणा, तिरका धरा, आणि जरा वाकून बघा.