नव्वदवरची थरथर

मावशीने गाडीची किल्ली टेबलावर राजीनामा ठेवावा तशी ठेवली आणि म्हणाली, "घे. आजपासून ही तुझ्याकडे. माझे हात कापायला लागलेत."

पाना तेव्हा डब्यातून एक नट हुडकत होती. पाना हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. रांगायच्या वयात तिने खुळखुळा टाकून वडिलांचा पाना उचलला होता, तेव्हापासून घरादाराने तेच नाव धरलं, आणि पुढे गॅरेज काढून तिने ते सार्थ केलं. मावशी तिच्या आईची थोरली बहीण. वय बहात्तर, त्यातली चाळीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात गेलेली. निम्म्या गावाला तिने गाडी चालवायला शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला बाजूला व्हायला.

पहिल्याच दिवशी ती प्रत्येक विद्यार्थ्याला बजावायची, की ज्या दिवशी हात कापेल त्या दिवशी किल्ली खाली ठेवायची, कारणं सांगत बसायचं नाही. आता स्वतःवर वेळ आल्यावर ती पळवाट काढील ही आशा करण्यात अर्थ नव्हता. सिग्नल तोडला म्हणून पोटच्या पोराला भररस्त्यात उतरवून घरी चालत पाठवणारी बाई ती.

"कधी कापतात?" पानाने विचारलं.

"महामार्गावर. नव्वदच्या पुढे गेलं की."

"सुई ओवताना?"

"नाही."

"भाजी चिरताना?"

"नाही."

"काकांवर चिडतेस तेव्हा?"

"तेव्हा तर दगडासारखे असतात."

पानाला हसू आवरेना. "अगं मावशी, तुझ्या हातांना काय मीटर बसवलाय? हात ठणठणीत आहेत. गाडीत काहीतरी आहे."

"दात काढू नकोस. गाडी दोनदा दाखवून झाली. हा समोरचा टायरवाला, त्याने चाकं मशीनवर चढवून बॅलन्सिंग केलं. दोन्ही वेळा मशीनवर शून्य आलं, मी डोळ्यांनी पाहिलं. दोन्ही वेळा तीन-चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. गाडी दुरुस्त झाल्यावरही कापतं म्हटल्यावर बिघडलंय कोण ते उघड आहे."

आता मात्र पानाचा चेहरा उतरला. मावशी दुसऱ्या कुणाच्या तरी मर्जीने, मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन कुठेतरी निघाली आहे, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिने किल्ली उचलली आणि मावशीच्या हातात परत कोंबली.

"एक फेरी मारू. मग काय ते ठरवू."

गाडीत मागे काका पेपर वाचत बसलेच होते. काका म्हणजे मावशीचे यजमान आणि तिच्या अख्ख्या कारकिर्दीतले एकमेव नापास विद्यार्थी. शिकवणी सुटली, लग्न झालं, आणि तेव्हापासून त्यांची जागा मागे ठरून गेली, कारण पुढे बसले की त्यांचा पाय नसलेला ब्रेक दाबत राहायचा.

महामार्गावर गाडी सत्तरवर लोण्यासारखी चालली. ऐंशीवरही तेच. अठ्ठ्याऐंशीला स्टिअरिंगच्या अंगात काहीतरी आलं. ब्याण्णवला मावशीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरायला लागलं आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"ब्रेक हलकेच दाब," पाना म्हणाली. थरथर वाढली नाही, म्हणजे दोष ब्रेकच्या चकत्यांचा नव्हता. "आता मागे-पुढे कुणी नाही, एकशेदहाला ने."

एकशेदहाला सगळं गार.

"बघ," पाना म्हणाली. "हात कापायचे तर तिथे जास्त कापतील. हे चाकांचं लक्षण आहे."

"घाबरून थांबले असतील," मावशी म्हणाली.

मग पानाने स्टिअरिंग हातात घेतलं. ब्याण्णवला तिचेही हात कोपरापर्यंत थरथरले. तिला इतका आनंद झाला की ती सीटवर उडालीच. "माझेही कापतात. आता बोल."

मावशीने तिच्याकडे फार मायेने पाहिलं. "म्हणजे घराण्यातच आहे तर. माझ्या आईचेही कापायचे. तुला बाई फार लवकर लागलं."

पानाने क्षणभर स्वतःच्या हातांकडे संशयाने पाहिलंसुद्धा. मग तिने गाडी पेट्रोल पंपाच्या कडेला घेतली, जॅक काढला, आणि काकांना उतरवून पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे करून टाकली. मावशी शेजारी उभी राहून नट आवळण्यातल्या चुका काढत होती. चुका नव्हत्या, पण शिकवायची सवय जात नाही.

पुन्हा मावशी चालवायला बसली. ऐंशी. पंच्याऐंशी. ब्याण्णव. स्टिअरिंग ढिम्म हललं नाही, घड्याळ गप्प बसलं, आणि पाना काही म्हणणार तेवढ्यात मागून खोल गेलेला आवाज आला.

"अगं, मला काहीतरी होतंय."

"काय होतंय?" मावशी आरशात बघत म्हणाली.

"सांगायला बरं नाही वाटत." काकांनी पेपरची घडी केली. "माझं बूड कापतंय."

पानाने डॅशबोर्डवर कपाळ टेकलं आणि हसून हसून तिला उचकी लागली. कसंबसं तिने विचारलं, "काका, तुमच्या घराण्यात असं कुणाचं कापायचं का?"

"छे. आमच्या घराण्यात कुणी हलायचंच नाही, कापणार कुठून?"

"ऐकलंस मावशी? चाकं मागे गेली, थरथर मागे गेली. तुझे हात अजून इथेच आहेत."

मावशीच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि तिने ते लगेच विझवलं. "तीन-चार दिवस बरं वाटतंच," ती म्हणाली. "कारण सापडलं तर सांग. नाहीतर किल्ली तुझी."

गॅरेजमध्ये परतल्यावर पानाने चारही चाकं उतरवली आणि भिंतीशी ओळीने लावली. दोन चाकांवर महिन्यांची धूळ होती आणि आतल्या बाजूला, रिमला चिकटलेली, राखाडी शिशाच्या चौकोनी तुकड्यांची रांग. ही बॅलन्सिंगची वजनं. चाक जिथे हलकं असेल तिथे ती चिकटवतात, म्हणजे ते वेगात उड्या मारत नाही. उरलेली दोन चाकं मात्र आरशासारखी लखलखत होती. आत बोट फिरवावं तर डिंकाचा कणही नाही, वजन तर लांबच.

"मावशी, गाडी कोण धुतं?"

"आम्हीच. दर रविवारी. पुढची चाकं माझी, मागची यांची." मावशीने धुळकट चाकांकडे असं पाहिलं की काकांनी पेपर उघडला. "यांना सांगून सांगून थकले."

"आणि इथे आत राखाडी पट्ट्या होत्या त्या?"

"त्या होय? नव्या रिमांवर लेबलं चिकटवून ठेवलेली. मुलाने वाढदिवसाला रिम दिल्या तेव्हापासून खरवडतेय. निघता निघत नाहीत मेल्या. उलथन्याने उचकटायच्या, रॉकेलने पुसायचं. आणि तो टायरवाला, दोनदा गेले तर दोन्ही वेळा नवीन लावून दिल्या. जाहिरात करतात लेकाचे."

बोलता बोलता ती थांबली. मावशी निर्बुद्ध नव्हती. तिने चकचकीत चाकाकडे पाहिलं, मळक्या चाकाकडे पाहिलं, आणि टायरवाल्याकडे गेली होती त्या बुधवारपासून रविवारपर्यंतचे दिवस मनातल्या मनात मोजले.

"चाळीस वर्षं," ती हळूच म्हणाली. "चाळीस वर्षं लोकांना गाडी शिकवली मी."

"गाडी शिकवलीस. धुवायला कुठे शिकलीस?"

"म्हणजे मी आळशी होतो म्हणून निदान निम्मी गाडी शाबूत राहिली," काका पेपरमागून म्हणाले. एवढं सबंध वाक्य त्यांना बऱ्याच वर्षांत टोमणा न खाता पूर्ण करता आलं होतं.

समोरच्या टायरवाल्याने वजनं लावताना खाली मान घालून घेतली, पण त्याचे खांदे हलत होते. तोही मावशीकडेच गाडी शिकला होता. मोठ्याने हसायची हिंमत त्याच्यात नव्हती.

तिसऱ्यांदा महामार्ग. मावशीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, विद्यार्थ्याला दाखवते तसे. पंच्याऐंशी. नव्वद. ब्याण्णव. तिथे तिने गाडी धरून ठेवली, एक किलोमीटर, दोन, पाच. हात म्हणजे नुसते हात होते, म्हातारे, शिरा वर आलेले आणि स्थिर. मग तिने इंडिकेटर दिला, आरसा पाहिला, गाडी कडेला घेतली आणि दार उघडलं.

"पाना, तू चालव."

पाना तिच्याकडे वळली. "का? कापले?"

"नाही."

"मग?"

"मला हसायचंय," मावशी म्हणाली. "हसताना मी गाडी चालवत नाही."

ती मागे काकांच्या शेजारी जाऊन बसली आणि हसायला लागली ती पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अर्ध्या वाटेवर तिला जरा श्वास मिळाला. "दोन महिने मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते हो," ती म्हणाली. "कापलेच तर तुम्हाला दिसू नये म्हणून."

"दिसलं होतं," काका म्हणाले. "मला वाटलं, तुला थंडी वाजतेय. दोन महिने मी घरभर खिडक्या लावत हिंडतोय."

मावशीला पुन्हा हसू फुटलं. समोरचा रस्ता नीट दिसावा म्हणून पानाला मात्र दोनदा डोळे पुसावे लागले.