कुत्र्यासाठी आणलेली साखळी

मी एक साखळी बोलतेय, बीडच्या कोर्टातल्या मुद्देमालाच्या खोलीतून.

वडवणीच्या आठवडी बाजारात भिवराबाईनं मला घेतलं, ते मेंढरं राखणाऱ्या कुत्र्यासाठी. तिचा नवरा आश्रुबा मेंढरं घेऊन महिनोन् महिने रानोमाळ फिरायचा. घरी ती आणि लहानगा युवराज.

पोर लई तापट. चावायचं, दगड मारायचं, वर्गातून पळून जायचं. मास्तर म्हणाले, "बाई, ह्याला बीडला डॉक्टरांना दाखवा." आश्रुबा भडकला, "माझं पोरगं काय येडं हाय का?" विषय तिथंच मिटला.

मग युवराजनं शेजारच्या अर्जुनरावांची कडब्याची गंजी पेटवली. गावानं भिवराबाईला सुनावलं, "पोरगं सांभाळ, न्हाईतर गाव सोड." तिला तर रोज खुरपायला जावं लागायचं. दुसऱ्या दिवशी तिनं मला कुत्र्याच्या गळ्यातून काढलं आणि युवराजच्या पायात अडकवलं. जवळ भाकर ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला. "सांजच्याला येते रं," म्हणाली आणि मागं न बघता गेली.

सुरुवातीला तो मला दगडानं ठेचायचा. पुढं तेही सोडलं. अर्जुनरावांचा राम शाळेतून येताना कुंपणापाशी थांबायचा आणि त्याच्याकडं बघून कुत्र्यासारखा भुंकायचा. बाकीची पोरं हसायची. युवराज नुसता बघत राहायचा.

तो मोठा झाला, मी खिळ्यावर गेले. चोरीत सापडला, काही महिने सुधारगृहात राहून आला. आल्यावर आईशीही बोलेना.

युवराज विशीत आला. मिसरूड फुटलेला राम एकदा टपरीवर त्याला म्हणाला, "काय रं, आज मोकळा कसा?" आणि भुंकला. युवराज घरी आला. मला खिळ्यावरून काढून मुठीला गुंडाळलं आणि परत गेला. रामचा एक डोळा गेला. पोलिसांनी मला रक्तासकट जप्त केलं.

खटल्यात आरोपीच्या वकिलांनी भिवराबाईला बजावलं होतं, साखळी ओळखत नाही म्हणायचं. सरकारी वकिलांनी मला उचलून विचारलं, "ही ओळखता?"

"वळखते सायेब. कुत्र्यासाठी आणलती." ती थांबली. "पण बांधलं लेकराला. म्याच बांधलं."

आरोपीच्या पिंजऱ्यातून युवराज ओरडला, "आये, गप!" खटला सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडं बघितलं होतं.

शिक्षा व्हायची ती झाली. निकालाच्या दिवशी हवालदार बेडी चढवत होता. भिवराबाई गर्दीतून पुढं आली.

"लई आवळू नका, सायेब. त्याला लगीच वळ उठत्यात."



आता मी कापडात शिवलेली, लाखेचं सील लावलेली पडून आहे. अपिलाची मुदत संपली की भंगारात जाईन. जाण्याआधी एवढंच मागते. तुमच्या वस्तीवर कुणाचं पोर असं बांधलेलं दिसलं, तर हसू नका, त्याच्या आईला बोलही लावू नका. ती रानातून येईपर्यंत पोराजवळ बसा.